खंगरीचं छत

पिंपळगाव राजाच्या सभागृह कमिटीत आम्ही सात जण होतो आणि सातांची मिळून एका माणसाएवढी अक्कल नव्हती. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी त्या कमिटीचा चिटणीस होतो, मराठी शाळेचा हेडमास्तर होतो, आणि दर बैठकीला काळा कोट घालून नारायणराव देशमुखांच्या डाव्या हाताला बसत होतो. कोट मी उन्हाळ्यातही काढत नसे.

वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरचे साहेब खामगावला उतरायचे, कापसाचा बाजार बघायचे आणि परत जायचे. आमच्या गावात कोणी थांबत नसे, आणि थांबावं असं गावात काही नव्हतंही. नारायणरावांना मात्र ही गोष्ट जिव्हारी लागली होती. चारशे एकर काळी जमीन, दारात घोडी, आणि आजवर एकाही साहेबाने त्यांच्या हातचा हार घातलेला नाही. साहेब आलाच तर बसवायचा कुठे, म्हणून त्यांनी कमिटी काढली. बाजाराच्या जागेत जुनी धर्मशाळा होती. तिच्यावर माडी चढवायची, माडीवर सभागृह करायचं, आणि त्याला आपल्या वडिलांचं, कैलासवासी उकंडरावांचं नाव द्यायचं. उकंडरावांनी हयातीत दारच्या वाटसरूला पाणी विचारलं नव्हतं, पण त्यांच्या नावाचा दगड सगळ्यात आधी तयार झाला. सभागृह अजून कागदावरच होतं.

अडचण एकच होती. धर्मशाळेच्या भिंती कच्च्या विटांच्या होत्या. आमच्याकडे तेव्हा बहुतेक घरं धाब्याची असत: लाकडी तुळयांवर काड्या-फांद्या अंथरायच्या आणि वर हातभर पांढरी माती चोपायची. दर उन्हाळ्यात तिच्यावर आणखी मातीचा थर पडायचा. असलं ओझं त्या भिंतींवर दोनदा, म्हणजे एकदा माडीची जमीन आणि एकदा माडीचं छत, चढवलं असतं तर भिंती बसल्या असत्या. एवढं आम्हालाही कळत होतं.

नारायणरावांचा भाचा उत्तमराव यावर तोडगा काढणार होता. उत्तमराव नागपूरला इंजिनियरिंगच्या वर्गात दोन वर्षं राहून आला होता. तिसऱ्या वर्षाचं काय झालं, हे कोणी विचारत नसे. डोक्यावर साहेबी टोपी, हातात मोजपट्टी, आणि बोलणं असं की वऱ्हाडात आपण चुकून जन्मलो. तो रोज धर्मशाळेभोवती फिरून मापं घ्यायचा. महिनाभर मापं घेतल्यावर त्याने सांगितलं की भिंती कच्च्या आहेत.

आता सोजराबाईंविषयी सांगतो.

गावाच्या खालच्या अंगाला माळ्यांची वाडी होती. तिथे इंद्रभान आणि त्याची बायको सोजराबाई वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे. इंद्रभानकडे एक बैलगाडी होती. गावाबाहेरच्या जीनमध्ये सरकी काढायचं यंत्र वाफेवर चालायचं, आणि त्याच्या बॉयलरखालची राख तो गाडीने उचलून नाल्याकाठी टाकायचा. त्या राखेत जळून गोळा झालेले, भोकाभोकांचे, काळे-तांबूस खडे असत. त्यांना आमच्याकडे खंगर म्हणत. बायका टोपल्या घेऊन तिथे अर्धवट जळालेले कोळसे वेचायला जात. सोजराबाईही जायच्या.

कमिटी निघाली त्याच्या पाच वर्षं आधी, श्रावणात, त्यांच्या घराचं धाबं खाली आलं. खाली सोप्यात इंद्रभानची भावजय रुखमाबाई चुलीपाशी बसली होती. वाडीतल्या बायका-माणसांनी हाताने माती उपसली, पण ती संपेना. रुखमाबाईपर्यंत पोचायला दुपार झाली. तोवर सगळं आटोपलं होतं. गावाने हळहळ केली, आणि महिन्याभरात सगळ्यांनी आपापल्या धाब्यावर नेहमीप्रमाणे नवी माती टाकली. मीही टाकली.

सोजराबाईंनी टाकली नाही. घराचा तो सोपा त्यांनी उघडाच ठेवला.

जीनच्या भिंतींना हंगामाआधी चुना मारत. उरलेला कालवलेला चुना कोणीतरी राखेच्या ढिगावर ओतला होता. कोळसे वेचताना सोजराबाईंच्या पायाखाली एक टणक पापुद्रा लागला. त्यांनी दगड मारून पाहिला, फुटला नाही. मग कडेने खणून त्यांनी ताटाएवढी खापरी काढली आणि एका हातात धरून घरी आणली. तेवढ्या मापाची माती दोन्ही हातांनी उचलायला जड गेली असती. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांना त्या खापरीत राख दिसली असती. त्यांना छत दिसलं.

त्याच सुमारास इंद्रभान वाडीत विहीर खणत होता. काळ्या कातळाचा थर संपल्यावर खाली जांभळट, शिळ्या भाकरीसारखा जाळीदार दगड लागला. हातात घेतला तर अंगाच्या मानाने फुलासारखा हलका. आपल्याकडचा सगळा दगड ज्वालामुखीचा रस थिजून झालेला आहे, हे मी शाळेत दरवर्षी भूगोलाच्या तासाला घोकून घेत होतो. रसातले वाफेचे बुडबुडे जिथे अडकले तिथे तो असा जाळीदार राहतो आणि त्याचा उपयोग होतो, हे मात्र पुस्तकात नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं. सोजराबाईंनी तो दगड सुपारीएवढा फोडून घेतला, त्यात खंगर आणि चुना कालवला, आणि अंगणात हातभर लांबीची लादी चोपून पाहिली.

पहिली लादी आठ महिन्यांत फुगली आणि उलली. त्या रडल्या-बिडल्या नाहीत. राख ताजी होती, एवढं त्यांनी लक्षात घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ढिगाच्या तळची, पावसात भिजलेली जुनी खंगर आणली, धुतली, चाळली. ती लादी टिकली. पुढे त्यांचा नेम ठरून गेला: खंगर उघड्यावर एक अख्खा पावसाळा खाऊ द्यायची, मग धुवायची, चुना पंधरा दिवस पाण्यात विरवायचा, आणि बायकांनी ओळीने बसून लाकडी थाप्यांनी तीन दिवस छत चोपायचं. तसं छत त्यांनी आधी आपल्या सोप्यावर घातलं, मग वाडीतल्या तीन घरांवर. दोन पावसाळे गेले. थेंब गळला नाही, तुळई वाकली नाही.

गाव त्यांना राखवाली म्हणू लागलं. मी एकदा वर्गात, वाडीतल्या मुली समोर बसलेल्या असताना, राखेचं घर कोणाचं असतं असा प्रश्न विचारून हशा पिकवला होता. त्या विनोदाचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता.

इंद्रभान कशालाच नाही म्हणायचा नाही. बायकोने सांगितलं की राख आणायचा, दुसऱ्याने सांगितलं की दुसरीकडे टाकायचा. सोजराबाईंना याची चीड होती, आणि ती त्या लपवत नसत. चारचौघांत त्या त्याला म्हणत, बैल तरी कधीमधी मान हलवते.

तर या छतांची बातमी उत्तमरावाच्या कानावर गेली. तो टोपी घालून वाडीत गेला, चारही छतांवर चढून बुटांनी आपटून आला, आणि त्याने मामांना सांगितलं की गोष्ट कामाची आहे, फक्त अडाण्यांच्या हातात आहे. सोजराबाईंना बैठकीला बोलावण्यात आलं.

त्यांना बसायला सांगितलं नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. उंच, काळ्या, हाताला चुन्याने पडलेल्या भेगा. नारायणरावांनी सुरुवात केली ती उपकार केल्यासारखी: गावाचं नाव होणार आहे, बाईने आपलं गुपित सांगावं. सोजराबाईंनी सात जणांकडे एकेकदा पाहिलं. पेंढीत कीड किती आहे ते पाहावं, तसं. मला वाटलं होतं त्या मोल मागतील. त्यांनी काही न मागता सगळं सांगून टाकलं, मापं, चाळणी, चोपण्याचे दिवस, सगळं. मी लिहून घेत होतो.

शेवटी म्हणाल्या, "ताजी राख घेऊ नका. एक पावसाळा भिजली पाह्यजे. नाई त फुगन, अन् भिंत लोटून देईन."

उत्तमराव हसला. राख ही जळून गेलेली वस्तू आहे, जळलेल्यात फुगायला काय उरतं, असं त्याने शास्त्रीय भाषेत विचारलं. सोजराबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या नारायणरावांशी बोलल्या.

"खाली बाजाराच्या दिवशी बाया बसतात, लेकरं घेऊन. म्हनून सांगून राह्यले. तुमच्यासाठी नाई."

आणि त्या निघून गेल्या. निरोप घेतला नाही. नारायणरावांचा चेहरा लाल झाला होता.

ते पौष महिन्याचे दिवस होते. जीन नुकतंच जोरात सुरू झालं होतं, ताजी राख हवी तेवढी होती, आणि फाल्गुनात एक साहेब खामगावहून शेगावला जाण्याआधी वाट वाकडी करून आमच्याकडे तासभर येतील असं पत्र आलं होतं. पावसाळाभर थांबायचं म्हणजे साहेब हातचा जायचा. कमिटीने एकमताने ठरवलं की थांबायचं नाही.

इतिवृत्त मी लिहिलं. त्यात सोजराबाईंचं म्हणणं मी जसंच्या तसं एका ओळीत घातलं होतं, कारण माझं अक्षर आणि माझी टिपणं यांचा मला गर्व होता. दुसऱ्या दिवशी नारायणराव सही करायला बसले आणि त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"मास्तर, हे काऊन लिवलं? माळ्याच्या बाईचं बोलनं कमिटीच्या वहीत?"

मी ते पान फाडलं आणि घरी बसून नवीन लिहून काढलं. मोठ्या काळजीने लिहिलं, एकही खाडाखोड नाही. मिश्रणाची मापं राहिली, पावसाळा गेला. मिश्रण शोधून काढणाराच्या जागी उत्तमरावाचं नाव आलं. पुढे सोजराबाईंनी इंद्रभानच्या हाती निरोप पाठवला की वाडीमागे वीस गाड्या भिजलेली खंगर पडली आहे, ती घेऊन जा. नारायणराव म्हणाले, उकंडरावांच्या सभागृहाला वाडीतली राख लावायची का? जीनची राख जणू काशीहून येत होती.

जीनच्या मॅनेजरशी बोलून त्यांनी सगळी राख कमिटीकडे वळवली. इंद्रभानची गाडीही वळवली. तो नेहमीप्रमाणे हो म्हणाला. त्या दिवशी सोजराबाई त्याला काय बोलल्या ते मला पुढे तानुबाईकडून कळलं. तानुबाई त्यांची शेजारीण, बाजारात भाजी विकायची. सोजराबाई म्हणाल्या होत्या, जा, देशमुखाच्या राखेत लोळ. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. त्या भाकरी वाढायच्या, तो खायचा.

माडी वर आली. माघ संपता संपता जमीन आणि छत दोन्ही चोपून झाली. चुना पंधरा दिवसांऐवजी चार दिवस विरवला होता, कारण उत्तमरावाच्या मते बाकीचे अकरा दिवस अंधश्रद्धेचे होते. ओलं राहावं म्हणून वर रोज पाणी शिंपलं जायचं. थोड्याच दिवसांत पांढऱ्या रंगावर देवी आल्यासारखे बारीक फोड उठले. बोट लावलं की खपली पडायची. उत्तमरावाने त्यावर दुसरा हात मारला. मग खालच्या दाराची फळी चौकटीत अडायला लागली. त्याने सुताराकडून फळी तासून घेतली. आठवड्याने पुन्हा अडली, पुन्हा तासली. मी त्या दारातून रोज जात होतो आणि सुताराला नावं ठेवत होतो.

बाजाराच्या दिवशी सोजराबाई तिथे आल्या. त्यांनी बाहेरून भिंतीला पाठ लावली आणि वर पाहिलं. वरची कड खालच्या जोत्याच्या बाहेर, दोन बोटं तरी, सरकली होती. मग त्या आत गेल्या आणि बसलेल्या एकेका बाईला उठवून समोरच्या निंबाखाली घेऊन गेल्या. तानुबाईची टोपली त्यांनी स्वतः उचलली. बाया कुरकुरल्या, पण गेल्या. कमिटीतल्या कोणीतरी हे नारायणरावांना सांगितलं. ते म्हणाले, बरंच झालं, साहेबाला भाजीचा वास नको.

इंद्रभानला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. तो तिथेच, दहा हातांवर, गाडी सोडत होता. त्यांचं बोलणं बंद होतं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी व्हायचं ते झालं. त्याआधी दोन दिवस अवकाळी पाऊस लागून राहिला होता. गव्हाचं नुकसान झालं, त्याबद्दल कमिटीत चकार शब्द निघाला नाही. कनातीचं कापड भिजलं, त्यावर बैठक झाली. दुपारी ऊन पडलं. मी शाळेत मुलींकडून स्वागताचं गाणं म्हणवून घेत होतो. आवाज झाला तो गडगडण्यासारखा नव्हता. जड पोतं कोणीतरी जमिनीवर टाकावं तसा होता, आणि मग धूळ.

मी पोचलो तेव्हा धर्मशाळेची समोरची भिंत रस्त्यावर पडली होती. माडीची जमीन एका बाजूने सुटून तिरपी खाली आली होती, आणि तिच्यावर छताचे तुकडे. आत इंद्रभान होता. तो खामगावहून आणलेली बाकं उतरवत होता. नारायणराव रस्त्यात उभे होते. त्यांनी मला पहिलं विचारलं ते हे, की बाबांच्या नावाचा दगड कुठे आहे. उत्तमराव कुठेच दिसला नाही. तो शेगावच्या रस्त्याला लागला होता, असं नंतर कळलं.

सोजराबाई वाडीतून धावत आल्या. त्या सरळ ढिगावर चढल्या आणि तुकडे उचलून मागे फेकू लागल्या. तानुबाई आली, सोबतच्या बाया आल्या. मोठमोठे तुकडे, दाराएवढे, दोघीदोघी उचलून बाजूला करत होत्या. मीही कोट काढून हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू मी हातात धरली आणि मला तिचं वजन कळलं. ते वजनच नव्हतं.

घटका-दीड घटकेत इंद्रभान बाहेर आला. उजवा हात तुळईखाली सापडून दोन ठिकाणी मोडला होता, डोकं फुटलं होतं, पण तो श्वास घेत होता. इतक्या घाईने, इतक्या वाईट रीतीने केलेलं असूनही ते छत सोजराबाईंचं होतं, म्हणून तो वाचला. सोजराबाईंनी पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसली.

"म्या तुले सांगतलं नाई," त्या म्हणाल्या. "पाह्यलं होतं म्या. सांगतलं नाई."

इंद्रभान काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

साहेब परस्पर शेगावला गेले. पंधरा दिवसांनी वरून एक अधिकारी चौकशीला आला. माझ्या शाळेतच खुर्ची मांडली. उत्तमराव तोवर परतला होता. त्याने जबानी दिली की मिश्रण स्थानिक बाईच्या सांगण्यावरून केलं, तिने दोष लपवला, वस्तूच मुळात कुचकामी. म्हणजे जोवर छत उभं होतं तोवर शोध त्याचा होता, आणि पडलं तेव्हा तो सोजराबाईंचा झाला. नारायणरावांनी मान डोलावली. अधिकारी कंटाळलेला होता. त्याने सोजराबाईंना बोलावून विचारलं की त्यांनी कमिटीला सावध केलं होतं का.

"केलं होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी वहीत लिवलं होतं न? माह्यासमोर लिवलं."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. नारायणराव माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना गरज वाटली नाही. वही माझ्यापुढे होती. मी ती उघडली, पान काढलं, आणि जणू शोधतो आहे असं बोट फिरवलं.

"इतिवृत्तात तसं काही नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. शब्द न् शब्द खरं होतं. सोजराबाईंनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. बोट चिखलात गेल्यावर माणूस पुसून मोकळं होतं, तशी त्यांची नजर निघून गेली.

राखेची खंगर या भागातल्या कोणत्याही सार्वजनिक इमारतीत वापरू नये असा हुकूम आला. गावाला सार्वजनिक आणि खाजगी यांतला फरक कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता. वाडीतल्या तीन घरांनी भीतीने छतं फोडली आणि वर पांढरी माती चढवली. चौथं घर सोजराबाईंचं होतं. ते त्यांनी तसंच सोडलं. जीनचा मॅनेजर इंद्रभानला राख देईना. वैशाखात दोघं गाडी जुंपून गावातून गेले. बाजारातून जाताना सोजराबाई गाडीच्या पुढे चालत होत्या, कासरा त्यांच्या हातात होता. इंद्रभानचा हात गळ्यात बांधलेला होता. पडक्या धर्मशाळेकडे दोघांपैकी कोणी पाहिलं नाही. नारायणरावांनी पुढे तिथे टिनाचं छप्पर घातलं आणि दगड बसवला. साहेब कधी आला नाही. उत्तमराव रस्त्यांची कंत्राटं घ्यायला लागला. त्याच्या रस्त्यांवर पडण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्याची भरभराट झाली.

चार वर्षांनी मला परीक्षेच्या कामाला जळगाव जामोदला पाठवलं. मोटारीतून उतरलो तर सातपुड्याच्या बाजूला, जीनच्या मागच्या वस्तीत, थाप्यांचा आवाज येत होता. ओळीने बसलेल्या बायकांचा तो ठेका एकदा ऐकला की चुकत नाही. मी तिकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. माफी मागायची होती असं स्वतःला सांगत होतो. खरं तर त्यांनी मला शिव्या द्याव्यात आणि माझं ओझं उतरावं, एवढंच मला हवं होतं.

नवीन छत होतं. वर दहा-बारा बायका थापत होत्या, आणि सोजराबाई कडेला उभ्या राहून कुठे पोकळ वाजतं ते ऐकत होत्या. केस पांढरे झाले होते. वस्तीत तशी आणखी छतं दिसत होती, मी मोजली नाहीत. खाली चुन्याच्या हौदापाशी इंद्रभान बसला होता. त्याने मला ओळखलं आणि डाव्या हाताने नमस्कार केला. तो नमस्कार मला सहन झाला नाही.

सोजराबाई शिडीने खाली आल्या. मी जे ठरवून आलो होतो ते बोललो: पान मी फाडलं, खोटं मी बोललो, रात्रंदिवस मनाला खातं. त्या पदराला हात पुसत ऐकत होत्या. माझं संपेपर्यंत थांबल्या.

"तुमचा राग नाई मले, मास्तर," त्या म्हणाल्या. "राग मानसावर येते."

आवाज चढलेला नव्हता. भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात त्या बोलल्या. मग एका बाईला त्यांनी मला पाणी द्यायला सांगितलं, कारण ऊन होतं आणि मी दारात आलेला होतो.

मी पाणी पीत असताना त्यांनी इंद्रभानला विचारलं की चुना झाला का, उद्या काढू का. इंद्रभानने हौदात डावा हात घातला, चिमूट काढून अंगठ्याने चोळली, पुन्हा चोळली.

"नाई," तो म्हणाला. "खडे लागून राह्यले. अजून तीन दिवस."

सोजराबाईंनी वर पाहिलं, घरमालकाला हाक मारली आणि सांगितलं की उद्याचं काम होणार नाही, तीन दिवस थांबावं लागेल. घरमालक काहीतरी कुरकुरला. त्यांनी त्याला सांगितलं की तो म्हणतो म्हणजे थांबायचं.

माझ्या मोटारीला दीड तास होता. मी स्टँडवर जाऊन बसलो. कोट अंगात होता आणि घाम येत होता, तरी मी तो काढला नाही.